एक मजला खाली

ठाकूरद्वारच्या नाक्यावर मी पडलो. पडलो म्हणजे बसलो. पालकाची जुडी पिशवीत टाकून वळलो, पायाखालचा एक पेव्हर ब्लॉक किंचित हलला आणि दोन्ही गुडघे एकदम गळाठले. सकाळचे साडेनऊ झाले असतील. टोमॅटो घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेले. दुखलं ते नंतर. आधी लाज वाटली. कोणी तरी म्हणालं, "अरे, आजोबांना उचला," आणि मी त्या आजोबांना बघायला मान वळवली. मग दोन हात माझ्याच काखेत आले. एका फुलवालीने आपलं स्टूल रिकामं करून दिलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "बाबा, घरी कोन हाय? फोन लावू?" मी म्हणालो, "नको नको. बायको आहे. ती घाबरेल." हे खोटं होतं. मृणाल घाबरली नसती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं, आणि तेच मला नको होतं.

तळहात खरचटला होता, डाव्या खुब्यावर आतून काही तरी ठणकत होतं. पायजमा मागून मळला होता हे मला वाडीत शिरल्यावर कळलं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या पायऱ्या, एका बाजूला धरायला लोंबता दोर. हा जिना मी सत्तर वर्षं चढतोय; एके काळी दोन-दोन पायऱ्या टाकत, खांद्यावर सिलिंडर घेऊनसुद्धा. त्या दिवशी दोर धरून एकेक पायरी चढताना मनात सारखं एकच येत होतं. ब्लॉक हलला होता हे खरं, पण फार हलला नव्हता. माझ्या मागून आलेली एक बाई त्याच ब्लॉकवरून फोनवर बोलत निघून गेली होती.

मृणाल खिडकीजवळच्या खुर्चीत होती. गेले अकरा महिने ती त्याच खुर्चीत आहे. "उशीर झाला," ती म्हणाली. "गर्दी होती," मी म्हणालो आणि पिशवी ओट्यावर ठेवून तिच्याकडे पाठ न करता, भिंतीच्या कडेकडेने मोरीत गेलो. पायजमा बदलला. मळलेला बादलीत बुडवला. मग चहा केला, तिच्या हातात कप दिला आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "उठू नकोस. काही लागलं तर हाक मार." ती हल्ली बोलतच नसे. मी समजत होतो की वय झालं, बोलण्यासारखं काही उरलं नाही, आणि त्या शांततेचं मला फार वाईटही वाटत नव्हतं. थकलेल्या माणसाला शांतता बरी वाटते.

अकरा महिन्यांपूर्वी मृणाल मोरीच्या उंबरठ्यावर पाय घसरून पडली होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं. हाड व्यवस्थित जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता हात वापरा, हिंडाफिरायला लागा. पण ती पडली तेव्हाचा आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. मी बाहेर पेपर वाचत होतो. धप्प असं काही झालं नव्हतं, ओला टॉवेल खाली पडावा तसा आवाज झाला, आणि त्यानंतर ती अगदी हळू म्हणाली, "अहो." त्या "अहो"नंतर मी घरातले नियम बदलले. जिना उतरायचा नाही. मोरीची कडी लावायची नाही, मी बाहेर उभा राहीन. वरच्या फळीला हात लावायचा नाही. चहा मी, भाजी मी, कपडे वाळत घालणं मी. संध्याकाळी चौपाटीपर्यंत एकटीच चालत जायची तिची चाळीस वर्षांची सवय होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, आठ तास कानाला हेडफोन लावून बसायची आणि म्हणायची, दिवसभर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले, आता मला माझे पाय तरी वाजू देत. ते चालणं बंद झालं. पहिल्या महिन्यात ती भांडली. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, "निदान गॅलरीत तरी." मी म्हणालो, "गॅलरीच्या फरशा ओल्या असतात." तिसऱ्या महिन्यानंतर तिने विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, पटलं तिला. मुलुंडहून आमची मुलगी इरावती फोन करायची, "आईला जप हं बाबा." मी म्हणायचो, "तिला जमिनीला पाय लावू देत नाही मी." हे मी अभिमानाने सांगायचो.

खरं म्हणजे मी मृणालला जपत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझी आई होती. आईसुद्धा याच खोलीत पडली, तीस वर्षांपूर्वी. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि सात महिन्यांनी ती गेली. ते सात महिने मला संध्याकाळपुरतेच आठवतात, कारण मी गोदीच्या कचेरीत होतो आणि ओव्हरटाइम टाळता यायचा नाही. मृणालने रजा काढली होती. मी संध्याकाळी यायचो तेव्हा आई खाटेवर, पाठीखाली पावडर घातलेली, केस विंचरलेले, आणि मृणाल ओट्यापाशी. मी आईच्या पायाशी बसायचो. पांघरुणाखाली तिचे पाय आठवड्या-आठवड्याने बारीक होत गेले. एकदा मी पोटरीला हात लावला तर बोटं पलीकडे जुळली. मी हात काढून घेतला. पडलेलं म्हातारं माणूस असंच जातं, मी मनाशी ठरवून टाकलं. पडणं हाच त्यातला सगळा दोष. एकदा पडलं की पुढचं सगळं आपोआप. म्हणून पडू द्यायचं नाही.

आणि आता मीच पडलो होतो. पुढचे दोन दिवस खुबा काळानिळा झाला. रात्री कूस बदलता येईना. मी मृणालला सांगितलं, पाठ धरलीय. भाजी फोनवरून मागवली. तिसऱ्या दिवशी बरं वाटत होतं, पिशवी घेतली, दारापर्यंत गेलो, आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो तर खालचा अंधार वर आल्यासारखा वाटला. दोर हातात होता. पाय पुढे टाकायचा एवढंच काम. समोरच्या खोलीतली रुपाली डबा घेऊन कामाला निघाली होती, म्हणाली, "वर्देकाका, उतरताय? या की." मी म्हणालो, "छे, नुसता हवा खातोय." ती धडधडत उतरून गेली. मी परत आलो, पिशवी खुंटीला लावली आणि मृणालच्या समोरच्या खुर्चीत बसलो. असे पंधरा दिवस गेले. दोन खुर्च्या, मधे टीपॉय. अकरा वाजता वरणभात, चार वाजता चहा. उठावंसं वाटायचं नाही, आणि उठलो की डोळ्यांपुढे क्षणभर काळे ठिपके यायचे, म्हणून आणखी बसावंसं वाटायचं. शीण कशाचा ते कळत नव्हतं. काही न करण्याचाही एवढा शीण येतो हे मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी मृणालकडे बघता बघता वाटलं, हिचे अकरा महिने असे गेले; मग मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

रुचाला इरावतीने पाठवलं. मृणालचं मनगट आखडलंय असं मीच फोनवर बोललो होतो. फिजिओथेरपिस्ट म्हटल्यावर मी कोणी पोक्त बाई येईल असं धरून चाललो होतो. आली ती तिशीतली मुलगी, जिना चढून आली तरी धाप नाही. तिने मनगट पाहिलं, बोटं वळवून पाहिली, म्हणाली, "छान जुळलंय. दोन व्यायाम देते, झालं." मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "काकू, हात छातीवर ठेवा आणि खुर्चीतून उठून दाखवा बरं."

मृणाल उठायला गेली. चार बोटं वर आली आणि बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा तिने खुर्चीचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी सवयीने पुढे झालो.

"काका, थांबा," रुचा म्हणाली. "काकू, पायाला मार लागला होता का तेव्हा?"

"नाही," मीच म्हणालो. "फक्त मनगट."

"मग पायांना काय झालं?"

"विश्रांती घेतेय ती. मीच बसवून ठेवलंय. पुन्हा पडायला नको म्हणून."

रुचाने मृणालच्या साडीवरूनच मांडी चाचपली, पोटरी चाचपली. तिचा हात पोटरीशी गेला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. "काका, अकरा महिने असं बसवलं तर माझ्यासुद्धा मांड्या जातील," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं. "तेव्हा पडायचा जेवढा धोका होता, त्याच्यापेक्षा आता जास्त आहे. आता काकू अडखळल्या तर सावरायला पायच नाहीत."

"मग काय पडू द्यायचं तिला?"

"नाही. उभं करायचं." ती वहीत काही तरी लिहीत होती. "आता तुम्ही उठून दाखवा."

मी म्हणालो, माझं काय काम. ती म्हणाली, दाखवा तर. मी हात छातीवर ठेवून उठलो. डाव्या खुब्यातून कळ आली, तोंडातून आवाज निघाला, पाठोपाठ डोळ्यांपुढे काळे ठिपके आले आणि मी कपाटाचा कोपरा धरला. बीपीची गोळी कधी बदलली, तिने विचारलं. दोन महिने झाले. "डॉक्टरांना सांगा, उभं राहिल्यावर गरगरतं. बसून एकदा आणि उभं राहून एकदा बीपी मोजायला लावा. गोळी मनाने बंद करू नका." मग तिने घरात एक फेरी मारली. मोरीपुढची सुटी चटई गुंडाळून उभी केली, मोरीच्या भिंतीला धरायला कुठे दांडी बसवायची तिथे पेन्सिलीने खूण केली, रोजच्या वापराचे डबे खालच्या फळीवर आणायला सांगितले. मृणाल तिच्याकडे टक लावून बघत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या नजरेला काही काम मिळालं होतं.

रुचा गेली. जिन्यावरचा तिचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

"कधी पडलात?" मृणालने विचारलं.

"मी? कुठे?"

"पायजमा तुम्ही बादलीत उलटा बुडवला होतात. मागची मळलेली बाजू वर. त्या दिवशी दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी भिंत धरून मोरीत गेले होते. कडी लावली होती आतून." ती थोडं हसली. "मी वाट बघत होते, सांगाल म्हणून."

मी सांगितलं. नाका, पालक, ब्लॉक, स्टूल. लोक मला आजोबा म्हणाले तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही पडलात तर तुम्हाला कोणी खुर्चीत बसवलं नाही."

"मी बसलोच की आपणहून."

"आपणहून बसलात. तेवढा फरक आहे." ती बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिली. "तुमच्यावर रागावले होते मी. खूप. पण तोंड उघडलं नाही, कारण मला वाटायचं, हे माझंच माझ्याकडे परत आलंय."

"म्हणजे?"

"आईंना डॉक्टरांनी दुसऱ्या आठवड्यापासून चालवायला सांगितलं होतं. वॉकर आणला होता, आठवतो? तुम्ही कचेरीत. मी एकटी. त्यांना उठवायचं म्हणजे माझी कंबर जायची. त्या ओरडायच्या, मला रडू यायचं. दोनदा आम्ही दोघी एकदमच खाली बसलो. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, आई, राहू दे, पडून राहा आज. त्यांना बरं वाटलं. मलापण. मग दुसऱ्या दिवशीही तेच. एकेक दिवस सोयीचा जातो हो. तुम्ही विचारायचात, चालली का आज? मी सांगायचे, चालल्या दोन पावलं. आईपण मान हलवायच्या. माझ्यासाठी खोटं बोलायच्या त्या."

तीस वर्षं मी म्हणत आलो होतो की आई पडली आणि गेली. आता तिचे पाय मला पांघरुणाखाली परत दिसले, ती हलवलेली मान दिसली. मृणालवर रागवावं असं कुठे तरी आत उठत होतं, पण तो राग मधेच बसला, मृणाल खुर्चीतून उठता उठता बसली तसा. मी कुठे होतो? रोज सातला घरी येत होतो. वॉकर खाटेखाली धूळ खात होता, मी तो पाहिला होता. चालली का, असं विचारायचो. चालवून दाखव, असं एकदाही म्हणालो नव्हतो. उत्तर ऐकून मलाही बरं वाटायचं. त्या सात महिन्यांत या खोलीत तीन मोठी माणसं होती आणि तिघांनाही तेच सोयीचं होतं, त्यातलं एक मेलं. "तू एकटी होतीस," मी शेवटी म्हणालो. "हो," ती म्हणाली. "तुम्हीपण एकटेच आहात आता. म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली, आणि त्यात काही मोठेपणा नव्हता. ओटा धरून दोघांनी टाचा उचलायच्या, दहादा. एका रेषेत पावलाला पाऊल लावून उभं राहायचं. खुर्चीतून उठायचं, बसायचं, उठायचं. खुर्चीवर आधी दोन उशा ठेवल्या, म्हणजे बैठक उंच होते. दोन आठवड्यांनी एक काढली. मृणालला कंटाळा यायचा, मला तिच्याहून जास्त. एकदा ती म्हणाली, "आता या वयात कशासाठी हे?" आणि तीन दिवस तिने काहीच केलं नाही. मीही केलं नाही. चौथ्या दिवशी रुचा आली, तिने कारण विचारलं नाही, नुसती ओट्यापाशी जाऊन स्वतः टाचा उचलायला लागली आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिली. मृणाल उठून तिच्या शेजारी उभी राहिली. डॉक्टरांनी माझी गोळी बदलून दिली, काळे ठिपके गेले. मोरीत दांडी बसली. मी दाराबाहेर उभं राहणं सोडलं. पहिल्या दिवशी आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर येईपर्यंत मी एकच बातमी पाचदा वाचली.

सहाव्या आठवड्यात रुचाने आम्हाला जमिनीवर बसवलं. पडलात तर उठायचं कसं ते शिकायचं, म्हणाली. आधी कुशीवर, मग हातांवर, मग गुडघ्यांवर, खुर्चीपर्यंत सरकत जायचं, एक पाऊल पुढे, आणि वर. मृणालला तिसऱ्या खेपेला जमलं. मी अर्ध्यावर, चार पायांवर अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मृणाल खुर्चीत बसून मला बघत होती, आणि एकदम ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, उजवा पाय, उजवा!" रुपाली काय झालं म्हणून दारात आली. मला अपमान वाटायला हवा होता. मी तसाच गुडघ्यांवर थांबून तो आवाज ऐकला.

जिन्याचा दिवस रुचाने नाही, मृणालने ठरवला. बुधवारी सकाळी दहा वाजता तिने चपला घातल्या, मागे पट्टा असलेल्या नव्या, आणि म्हणाली, "चला." रुचाने सांगून ठेवलं होतं, तुम्ही एक पायरी खाली राहा, तिच्याकडे तोंड करून, आणि धरू नका, लागलं तर तुम्ही आहात एवढं पुरे. मी एक पायरी खाली उतरलो. मृणालने डाव्या हाताने दोर धरला, उजवा भिंतीला टेकवला. मोडलेला तो हात, आता जुळलेला. पहिली पायरी. तिचं पाऊल हवेत क्षणभर चाचपडलं आणि माझे दोन्ही हात आपोआप वर आले. "नको," ती म्हणाली. मी हात खाली केले. ते काम फार कठीण होतं. पाचव्या पायरीला तिचे गुडघे थरथरायला लागले, ती थांबली, आम्ही दोघे तिथेच थांबलो. खालून एक बाई बादली घेऊन आली, तिने वाट दिली. सातवी. आठवी. मला घाम आला होता. तिच्या वरच्या ओठावरही घाम होता, आणि नजर पायावर नाही, समोर, माझ्या डोक्यावरून पलीकडे.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आल्यावर तिने दोर सोडला. खाली अजून दोन मजले होते. वाडीतून भाजीवाल्याची आरोळी येत होती. मी म्हणालो, "जमेल, चल." तिने मान हलवली. "आज एवढंच. परत चढायचंय."

ती भिंतीला हात लावत गॅलरीतून चालायला लागली आणि तिसऱ्या दारापाशी थांबली. कमलताईंचं दार. कमलताई ऐंशी पार केलेल्या, एकट्याच राहणाऱ्या; आमच्या बरोबर पायाखालची खोली. वर्षभरात आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं, त्यांच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकत होतो. मृणालने कडी वाजवली.

आत काहीच झालं नाही. मग एक बारीक आवाज, "कोण?"

"मी मृणाल. वरची."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग शांतता. मग काठी टेकल्याचा आवाज, आणि फरपटत आलेलं एक पाऊल. पुन्हा काठी. माझा हात दाराकडे गेला; दार आतून बंद होतं, आपण करण्यासारखं काहीच नव्हतं. आत कशाला तरी धक्का लागला, भांडं पडलं, आणि आवाज थांबला. मी मृणालकडे बघितलं. तिचे पाय अजून थरथरत होते. तिने दाराच्या चौकटीला खांदा टेकवला, तोंड फटीजवळ नेलं.

"कमलताई, सावकाश या," ती म्हणाली. "आम्ही उभे आहोत."